एंपरर एंजलसाठी चार फुटी टँक घ्यावा का एफडी मोडून सहा फुटी?

सर, तुम्ही विचारलंय की लातूरच्या फ्लॅटमधे एंपरर एंजल हा खाऱ्या पाण्यातला समुद्री मासा पाळायचाय, मासा आत्ता तीन इंचाचा आहे म्हणून 1 लाख 10 हजारात चार फुटी सेटअप घेऊन दोन वर्षांनी मोठा करावा, का एफडी मोडून डायरेक्ट 2 लाख 60 हजारांचा सहा फुटी घ्यावा. माझं स्पष्ट मत, आत्ता दोन्ही नको.

चार फुटीचं बघा. 4 बाय दीड बाय दीड म्हणजे 9 घनफूट, काठोकाठ भरला तरी 255 लिटर. हा मासा 40 सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि टँकची रुंदी आहे 45. वर्गातली फूटपट्टी घ्या, तिला अजून चार इंच जोडा आणि दीड फुटाच्या खोक्यात आडवी फिरवून बघा, तो बिचारा वळणार कसा? निळ्या अंगावर पांढरी वलयं असलेलं ते पिल्लू लई गोड दिसतं, मान्य आहे, पण टँक पिल्लाच्या मापाचा घेतला की पुढं टँक, स्टँड, संप (फिल्टरची खालची टाकी), चिलर (पाणी थंड ठेवणारं मशीन) सगळं परत मोठं घ्यावं लागतं आणि जुन्याला गिऱ्हाईक अर्ध्या किमतीतही मिळत नाही.

म्हणजे घ्यायचा तर 6 बाय 2 बाय 2, जवळपास 680 लिटर. नुसतं पाणीच 700 किलो, काच-दगड-स्टँड धरून साडेनऊशेच्या घरात. राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला साधारण 200 किलो धरून डिझाइन करतात आणि हा टँक एवढं सगळं वजन 12 चौरस फुटात ठेवणार, तेव्हा बीम कुठून गेलाय ते इंजिनिअरला दाखवल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.

पण खरी गोची महिन्याच्या खर्चात आहे. दर पंधरा दिवसाला दहा टक्के पाणी बदलायचं म्हणजे 68 लिटर आरओचं पाणी, लिटरला 35 ग्रॅम मीठ, महिन्याला पाच किलोच्या आसपास, तुम्हाला सांगितलेल्या साडेतीनशेच्या भावानं पावणेदोन हजार झाले. त्यात आरओ जेवढं पाणी देतो त्याच्या दुप्पट वाया घालवतो, आणि 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं आपलं गाव, हे तुम्हाला मी काय सांगू. माशाला 24 ते 27 डिग्री लागतं. मागच्या मे महिन्यात नांदेडला एका क्लायंटकडं गेलो तर लाइट गेलेली, चिलर बंद, थर्मामीटर 31 वर आणि वहिनी फ्रीजरमधल्या बर्फाच्या बाटल्या टँकमधे सोडायलेल्या, मासा खाली कोपऱ्यात भराभरा कल्ले हलवत पडलेला. ते बघून जीव कासावीस झाला. चिलर 400 वॉटचा धरला आणि उन्हाळ्यात 15 तास चालला तर महिन्याला 180 युनिट फक्त त्याचेच, वीजबिलाचा स्लॅब वर सरकतो ते वेगळं. खाणं, टेस्ट किट धरून पाच हजार कुठंच गेले नाहीत, आणि तुमच्या हातात ईएमआय जाऊन उरतात 12 हजार.

एफडीला हात लावू नका. मुलगी दहावीत आहे, पुढची दोन वर्षं नीटच्या क्लासची फी, हॉस्पिटलचं काही निघालं तर तेच पैसे. महिन्याला 8 हजारांची आरडी लावा, 30 महिन्यांत साडेसहा टक्क्यानं 2 लाख 60 हजारांच्या आसपास होतात, तोवर तिची बारावीही होईल आणि उरलेल्या चार हजारात घर चालतं का तेही कळेल. तेवढं जमलं तर सहा फुटी घ्या, पण पाणी-मीठ घालून सहा आठवडे सायकल होऊ द्या, म्हणजे माशाची घाण पचवणारे जीवाणू टँकमधे तयार होऊ द्या, मगच मासा आणा. दुकानदाराला आजच फोन करा की ते पिल्लू माझ्यासाठी ठेवू नका.