चौकातला धूर आणि संगणकातला चौक

प्रश्न : आमच्या घरासमोरच्या चौकात रोज संध्याकाळी वाहनांच्या रांगा लागतात आणि धूर दुसऱ्या मजल्यापर्यंत येतो. सिग्नलच्या वेळा बदलल्यास हवा सुधारेल का, हे संगणकावर आधी पाहता येते असे ऐकले. ते कसे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : पाहता येते, मात्र त्यासाठी तीन प्रारूपे, म्हणजे प्रत्यक्ष घडणाऱ्या गोष्टींची संगणकावरची गणिती प्रतिरूपे, एकापुढे एक जोडावी लागतात. पहिले वाहतुकीचे. जर्मनीच्या अवकाश संशोधन केंद्राने २००१ मध्ये खुल्या केलेल्या ‘सुमो’ या प्रणालीत प्रत्येक वाहन स्वतंत्रपणे धावते, थांबते आणि पुन्हा वेग घेते. या हालचालींवरून दुसरे प्रारूप धुराचे प्रमाण काढते. नुसते उभे असण्यापेक्षा थांबून पुन्हा वेग घेताना इंजिन मिनिटामागे अधिक धूर सोडते, म्हणून सिग्नलचा विचार करताना सरासरी वेगाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, वाहने किती वेळा थांबतात याकडे पाहावे लागते.

तिसरे प्रारूप तो धूर कुठे जातो हे सांगते, आणि खरी गंमत इथेच आहे. दोन्ही बाजूंना उंच इमारती असलेल्या अरुंद रस्त्यावर आडवा वारा आला की छपरांखाली हवेचा भोवरा तयार होतो आणि वारा ज्या बाजूने येतो, त्याच बाजूच्या इमारतींच्या पायथ्याशी धूर अधिक साचतो. डेन्मार्कमध्ये विकसित झालेले ‘ओएसपीएम’ हे प्रारूप नेमका हा भोवरा गणितात धरते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची ‘सफर’ प्रणाली शहराच्या हवेचा अंदाज देते. एकाच रस्त्याच्या दोन पदपथांमधला फरक दाखवणे हे तिचे काम नव्हे.

आपल्याकडची अडचण गणितापेक्षा मोजणीत अधिक आहे. मार्गिका पाळणाऱ्या मोटारी गृहीत धरून बेतलेल्या प्रारूपाला दोन बसच्या फटीतून पुढे सरकणारी दुचाकी सहज उमगत नाही. शिवाय एप्रिल २०२० पासून बीएस-६ ही वाहनांच्या धुरावर मर्यादा घालणारी मानके लागू झाल्यामुळे नव्या वाहनांचा धूर घटला, तरी टायर आणि ब्रेक यांची झीज व रस्त्यावरची धूळ उरतेच. सिग्नल सुरळीत झाला की एरवी तो रस्ता टाळणारे वाहनचालकही त्याच रस्त्याला वळतात, हेही हिशेबात धरावे लागते. स्वीडनमधील स्टॉकहोमने २००६ मध्ये सात महिने शहराच्या मध्यभागात ये-जा करणाऱ्या वाहनांवर शुल्क आकारण्याचा प्रयोग केला, तेव्हा त्या भागाची हद्द ओलांडणारी वाहने सुमारे २० टक्क्यांनी घटली. निव्वळ सिग्नलच्या वेळा बदलून एवढा फरक पडेल, अशी अपेक्षा मी ठेवणार नाही.

आपल्या चौकाचा असा अभ्यास होणार असेल, तर वाहनांची मोजणी कोणत्या दिवशी व कोणत्या वेळी केली आणि त्यात दुचाकी वेगळ्या मोजल्या का, एवढे अवश्य विचारावे.