दुधाची पावडर का नाही पाठवत?

प्रश्न: सुदानच्या छावण्यांतल्या मुलांना डॉक्टर दाण्याच्या पेस्टची पाकिटं देताना टीव्हीवर दिसतात. साधी दुधाची पावडर का नाही? आणि आपल्याकडची उरलेली औषधं पाठवली तर चालतील का?

उत्तर: पावडर कालवायला पाणी लागतं ना, आणि झमझमसारख्या छावणीत, जिथे ऑगस्ट २०२४ मध्ये दुष्काळ जाहीर झाला, तिथे स्वच्छ पाणीच मिळायची मारामार असायची, मग त्याच दुधाने जुलाब लागतात आणि पोर आणखी खंगतं. ९२ ग्रॅमच्या त्या पाकिटात शेंगदाणा, दूध पावडर, तेल, साखर, व्हिटॅमिन्स असं सगळं असतं, साधारण ५०० कॅलरी, कोपरा फाडायचा आणि पोराने चोखत बसायचं. आधी दंडाला रंगीत पट्टी लावतात, सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर ११५ मिलिमीटरच्या खाली म्हणजे लाल, पोर फारच कुपोषित. मग तिथेच पाकीट खायला देऊन बघतात, खाल्लं आणि ताप-सूज काही नसेल तर आठवड्याची पाकिटं घेऊन आई घरी जाते, तोंड फिरवलं तर ॲडमिट.

औषधं मात्र प्लीज नको! अर्धवट स्ट्रिप्स निवडत बसायला तिथे माणसंच नसतात. द्यायचेच असतील तर पैसे द्या.