मारू म्हणजे जहाज नव्हे!

प्रश्न असा आहे: ‘नागाउरा मारू’ या जपानी रेस्क्यू टगला मराठीत काय म्हणायचं, आणि मारू म्हणजे जहाजच ना?

आधी नाव नीट घ्या. ‘नागाउरा’. पुढे मारू नाही. दिसलं जपानी जहाज की चिकटव मारू, ही खोड आता वर्तमानपत्रांतही पोचली आहे. नागाउरा जपानी नौदलाचा टग होता आणि नौदलाच्या जहाजांना मारू लावत नसत. मारू व्यापारी जहाजांचं. फेब्रुवारी 1944 मध्ये पॅसिफिकमधल्या ट्रूक या जपानी नौदल तळावर अमेरिकन विमानांनी हल्ला केल्यावर न्यू गिनीजवळच्या राबाउल तळावरची जपानी विमानं तिकडे गेली. मागे राहिलेले मेकॅनिक वगैरे समुद्रमार्गे निघाले, त्यांत ‘कोकाई मारू’ आणि हा टग होता. कोकाई मारू विमानांनी बुडवली. 22 फेब्रुवारीला अमेरिकन नौदल अधिकारी आर्ली बर्कच्या विनाशिकांनी राबाउलजवळच्या न्यू आयर्लंड बेटाच्या बाजूला नागाउराला गाठलं. अडकलेली जहाजं ओढून काढायला बांधलेला टग विनाशिकांपुढे किती टिकणार? तरी तो बंदूक चालवत बुडाला. एकाच मोहिमेत एक मारू आणि एक बिनमारू, याहून स्वच्छ उदाहरण कुठलं हवं?

आता मारू. लिहिताना वापरतात ते चिन्ह ‘वर्तुळा’चं, म्हणून काही पंडित सांगतात की जहाज फिरून सुखरूप घरी येवो असा त्यात आशीर्वाद आहे. गोड आहे, पण चिन्हावरून व्युत्पत्ती काढणं म्हणजे स्पेलिंगवरून गोत्र सांगणं. दुसरे किल्ल्याच्या तटबंदीकडे बोट दाखवतात, कारण तिच्या भागांनाही मारू म्हणतात. मला पटतं ते ‘मारो’. जुन्या जपानीत माणसांच्या नावांत येणारा, लाडाचा शब्द. त्याचं मारू झालं आणि ते मुलांच्या नावांमागे लागलं. योद्धा योशित्सुनेचं बालपणीचं नाव उशिवाकामारू. तलवारींना मारू, हजार वर्षांपूर्वी राजवाड्यातल्या कुत्र्याचं नाव ओकिनामारू! ज्याच्यावर जीव आहे त्याला मारू. मग जहाज कसं सुटेल? म्हणजे पंजाबी प्रवाशांना घेऊन कॅनडाला गेलेली 1914 ची ती कोमागाता मारू खरं तर ‘कोमागाताबाळ’. 1900 मध्ये तर जपान सरकारनेच सांगितलं की व्यापारी जहाजांच्या नावाअखेर शक्यतो मारू लावा, आणि लाड गेला, नियम उरला. मुंबईशी याचा जुना संबंध आहे: 1893 मध्ये निप्पॉन युसेन कैशा या जपानी जहाज कंपनीने टाटांच्या साथीने कोबे-मुंबई फेरी सुरू केली, ती ‘हिरोशिमा मारू’ने. तेव्हापासून गोदीत हा शब्द कानावर पडत असणार, आणि अजून आपण त्याला जहाज समजतो.

हां, रेस्क्यू टग. ‘संकटविमोचक कर्षनौका’ असलं काही घडवू नका. बंदरात टगला टगच म्हणतात. ‘बचाव टग’ पुरे. ‘टोचन बोट’ही चालेल, फक्त त्याचा ‘टोचणे’शी संबंध जोडू नका. ते ‘टो-चेन’ आहे, ओढायची साखळी.