डेटाबेसचं कनेक्शन बंद कुणी करायचं?

प्रश्न: आमच्या वाचनालयासाठी पायथन आणि एसक्यूलाइटमध्ये पुस्तकांच्या देवघेवीचा प्रोग्राम लिहिलाय. कनेक्शनसाठी वेगळा क्लास आहे, इनिटमध्ये (ऑब्जेक्ट तयार होताना चालणारी मेथड) कनेक्ट, डेलमध्ये (ऑब्जेक्ट नष्ट होताना चालणारी) क्लोज, आणि प्रत्येक क्वेरीनंतर कमिट, म्हणजे बदल पक्के करणं. तरी मधूनच 'डेटाबेस इज लॉक्ड' येतं, आणि एकदा तर पुस्तक दिल्याची नोंद झाली पण शिल्लक प्रती कमी झाल्याच नाहीत. काय चुकतंय?

उत्तर: क्लास वेगळा काढलात ते उत्तमच, पण डेलवर भरवसा ठेवू नका. ऑब्जेक्टचा शेवटचा रेफरन्स सुटेपर्यंत डेल चालत नाही, तो ऑब्जेक्ट एखाद्या लिस्टमध्ये नाहीतर एररच्या ट्रेसबॅकमध्ये अडकला की कनेक्शन उघडंच राहतं, आणि त्यावर लिहिणं अर्धवट असेल तर लॉकही त्याच्याकडेच. दुसरं कनेक्शन मग डीफॉल्ट 5 सेकंद वाट बघतं आणि तुम्हाला दिसते ती एरर देतं. बरेच जण टाइमआउट वाढवून मोकळे होतात, त्याने मूळ दुखणं जात नाही.

त्यापेक्षा क्लासला एंटर आणि एक्झिट या मेथड द्या आणि तो कायम विथ लावूनच वापरा, विथचा ब्लॉक सुरू होताना एंटर आणि संपताना एक्झिट आपोआप चालते. एंटरमध्ये कनेक्ट. एक्झिटमध्ये एरर नसेल तर कमिट, असेल तर रोलबॅक (बदल मागे घेणं), आणि फायनलीमध्ये क्लोज, म्हणजे कमिट फसलं तरी कनेक्शन बंद होणारच. एक्झिटमधून ट्रू मात्र रिटर्न करू नका, एरर गिळली जाते आणि पत्ताही लागत नाही.

प्रत्येक क्वेरीनंतरचं कमिट आजच काढा. नोंद कमिट झाली आणि प्रती कमी करणारी क्वेरी लॉकवर आपटली, तर तुमच्याकडे झालं तसंच होणार. दोन्ही क्वेरी एकाच विथमध्ये हव्यात, होतील तर दोन्ही, नाहीतर एकही नाही.

इथे खूप जण फसतात ती गोष्ट म्हणजे एसक्यूलाइटचं मूळ कनेक्शन थेट विथमध्ये टाकलं तर ते कमिट-रोलबॅक करतं, पण बंद होत नाही. पोस्टग्रेस डेटाबेससाठीची लायब्ररी सायकोपीजी 2 पण तसंच, सायकोपीजी 3 मात्र बंद करतं. पायथन 3.13 पासून एसक्यूलाइटचं कनेक्शन उघडं सोडलं की रिसोर्स वॉर्निंग मिळते, फक्त ती डीफॉल्टला लपलेली असते, टेस्ट करताना चालू ठेवा.

सभासदाचं नाव वगैरे एफ-स्ट्रिंगने (मजकुरात व्हॅल्यू थेट भरणारी स्ट्रिंग) क्वेरीत कधीच जोडू नका, प्रश्नचिन्ह ठेवून व्हॅल्यू वेगळ्या द्या. टेबलच्या नावाला प्रश्नचिन्ह चालत नाही, ते कोडमध्येच ठरलेलं असू द्या. आणि फॉरेन की तपासणी (एका टेबलातल्या नोंदीने दुसऱ्या टेबलातल्या खऱ्या नोंदीकडेच बोट दाखवावं ही) एसक्यूलाइटमध्ये सहसा बंदच असते, प्रत्येक कनेक्शनला वेगळी चालू करावी लागते, म्हणून ती चालू करणारा प्राग्मा (एसक्यूलाइटची सेटिंगची आज्ञा) एंटरमध्ये कनेक्टच्या लगेच खाली लिहा.