तंजावरचा मास्तर आणि तुझा नऊ वर्षांचा विद्यार्थी

प्रिय मुली,

तुझा रात्री पाठवलेला लांबलचक मेसेज सकाळी चहा घेताना दोनदा वाचला. व्हॉट्सअॅपवर दोन ओळींत उत्तर देण्यासारखा हा विषय नाही, म्हणून नीट बसून लिहितोय.

तू म्हणतेस मुलगा नऊ वर्षांचा, हुशार, पण आठ महिने घरी जाऊन शिकवतेस तरी तुझं काहीच त्याच्यात उतरत नाहीये, तो ज्वालामुखी आणि डायनासोर सोडून कशात रमत नाही आणि आईवडील दर आठवड्याला विचारतात की मॅडम, प्रोग्रेस काय. आणि मग अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंस की त्याला खाली खेळायला सोडत नाहीत, मित्र नाहीत, चूक झाली की वडील खोलीचं दार बाहेरून लावतात. अगं, सगळ्या मेसेजमध्ये मला हीच ओळ महत्त्वाची वाटली आणि तीच तू शेवटी टाकलीस.

तुला एका दुसऱ्या नऊ वर्षांच्या मुलाची गोष्ट सांगतो. निवृत्तीनंतर मी तंजावरला गेलो होतो तेव्हापासून ही गोष्ट माझ्या डोक्यातून गेलेली नाही.

१७८७ सालची गोष्ट. तंजावरला आपल्या भोसल्यांचं राज्य, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांचा वंश. तुळजाजी राजे मरायला टेकलेले, पोटचा वारस उरलेला नाही, म्हणून त्यांनी भोसल्यांच्याच दुसऱ्या शाखेतला एक मुलगा दत्तक घेतला. तो सरफोजी, जन्म सप्टेंबर १७७७ चा, म्हणजे तुझ्या विद्यार्थ्याच्याच वयाचा. आणि राजांनी त्या मुलाचा हात दिला कोणाच्या हातात, तर श्वार्ट्झ नावाच्या साठीच्या एका जर्मन पाद्र्याच्या. हा तुमचाच मुलगा समजा, अशा अर्थाचं काहीतरी राजे म्हणाले म्हणतात.

हा श्वार्ट्झ १७५० साली समुद्रमार्गे ट्रांकेबारला, म्हणजे आजच्या तरंगमबाडीला उतरलेला, जन्मभर लग्न केलं नाही, तमिळ शिकला, फारसी शिकला, आणि तंजावरच्या दरबारात वावरायचं तर राजाच्या घरातली भाषा यायला हवी म्हणून मराठीही शिकला. थांबून विचार कर जरा. पन्नाशीच्या आसपासचा माणूस समोरच्याच्या घरात शिरायचं म्हणून त्याची भाषा शिकतो. तू त्या मुलाच्या ज्वालामुखीविषयी आठ महिन्यांत काय वाचलंस? रागवून विचारत नाहीये, खरंच विचारतोय, कारण त्याची भाषा सध्या तीच आहे.

तुळजाजींना वाटत होतं की श्वार्ट्झनेच मुलाच्या वतीने कारभार बघावा. श्वार्ट्झ नाही म्हणाला. माझ्यासारख्या परक्या पाद्र्याच्या हाती राज्य दिलंत तर भांडणं होतील, त्यापेक्षा तुमच्या भावाला सांगा, असा त्याचा सल्ला. तत्त्व म्हणून बरोबरच होतं ते, मलाही तेच सुचलं असतं. पण झालं काय, राजे गेले, पंडितांनी दत्तकविधान बेकायदा ठरवलं, ईस्ट इंडिया कंपनीने भाऊ अमरसिंगला गादीवर बसवलं आणि त्या अमरसिंगाने मुलाला कोंडून ठेवलं. धड शिकवणं नाही, बाहेर जाणं नाही, कोणाला भेटणं नाही. म्हणजे शिक्षकाने प्रामाणिकपणे दिलेल्या सल्ल्याची किंमत त्या लेकराने मोजली.

मला श्वार्ट्झबद्दल आदर वाटतो तो याच्या पुढच्या भागासाठी. तो म्हणू शकला असता की मी काय मास्तर, मला जेवढं जमेल तेवढं शिकवेन, बाकी राजवाड्याचं राजवाड्याने बघावं. तसं म्हणाला नाही तो. मुलाची काय अवस्था आहे ते मद्रासला कंपनीच्या साहेबांना लिहून कळवत राहिला, वर्षानुवर्षं लिहीत राहिला, शेवटी १७९३ साली मुलाला तंजावरातून काढून मद्रासला नेलं गेलं आणि तिथे गेरिके नावाच्या दुसऱ्या पाद्र्याच्या देखरेखीखाली त्याचं शिक्षण नीट सुरू झालं. म्हणजे बघ, आधी कोंडलेल्या खोलीतून बाहेर काढणं, मग गणित नि भूगोल.

आता तुला एक सांगतो जे मी फारसं कोणाला सांगितलेलं नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी एका घरी शिकवणीला जायचो, मुलाच्या हातावर वळ दिसायचे, मी बघायचो आणि पुस्तक उघडायचो. दोन वर्षं. घरचा मामला आहे, आपण कोण बोलणारे, असं मनाला समजावत राहिलो. तो मुलगा पुढे भेटला तेव्हा अगदी आदराने पाया पडला आणि मला त्याच्याकडे बघवलं नाही. तुझ्या बाबतीत तसं होऊ नये असं मला फार मनापासून वाटतं, म्हणून एवढं लिहितोय.

पण श्वार्ट्झला देवमाणूस करून ठेवू नकोस. तो कंपनीच्या जवळचा होता, म्हैसूरच्या हैदर अलीकडे बोलणी करायला १७७९ साली कंपनीनेच त्याला श्रीरंगपट्टणला पाठवलं होतं, आणि त्याने ज्या मुलाचा हक्क लावून धरला त्या मुलाला गादी मिळाली तीही कंपनीच्या हातून आणि कंपनीच्या अटींवर. १७९८ ला सरफोजी गादीवर आला आणि १७९९ च्या तहात राज्यकारभार कंपनीकडे गेला, राजाकडे किल्ला, वर्षाला एक लाख होन (सोन्याची नाणी) आणि महसुलाचा पाचवा हिस्सा उरला. हे सगळं त्याच गोष्टीचा भाग आहे, ते लपवून गोष्ट सांगायची नाही.

श्वार्ट्झला मात्र यातलं काही बघायला मिळालं नाही. फेब्रुवारी १७९८ मध्ये तो गेला आणि त्यानंतर काही महिन्यांत शिष्य गादीवर बसला. अंत्यविधी थोडा थांबवावा लागला होता कारण सरफोजीला पेटी बंद व्हायच्या आधी चेहरा बघायचा होता. तो आला, रडला आणि थडग्यापर्यंत चालत गेला. वीस वर्षांचा मराठा राजपुत्र एका पाद्र्याच्या शवपेटीमागे चालतोय, त्या काळच्या दरबाराला हे कसं दिसलं असेल विचार कर. पुढे त्याने लंडनच्या फ्लॅक्समन नावाच्या शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करून घेतलं, ते तंजावरच्या शिवगंगा तळ्याजवळच्या चर्चमध्ये आहे. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभा होतो. म्हातारा अंथरुणावर, शिष्याने त्याचा हात हातात घेतलेला, बाजूला शाळेतली मुलं. आणि थडग्यावरच्या इंग्रजी कवितेच्या ओळी राजाने स्वतः लिहिलेल्या, त्यात गुरूला अनाथांचा बाप आणि विधवांचा आधार म्हटलंय.

आता तुझा मुख्य प्रश्न, की आपलं त्याच्यात काही उतरत नाही.

श्वार्ट्झ पाद्री होता, हा मुलगा ख्रिस्ती व्हावा असं त्याला वाटत असणारच, त्याचं आयुष्यच त्यासाठी होतं. सरफोजी शेवटपर्यंत हिंदू राहिला. १८०३ साली आपल्या भोसले घराण्याचा इतिहास त्याने बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर मराठीत कोरून घेतला, १८२० मध्ये मोठा लवाजमा घेऊन काशीयात्रेला निघाला. म्हणजे गुरूला जे सगळ्यात जास्त द्यायचं होतं तेच शिष्याने घेतलं नाही. तुझ्या आठ महिन्यांच्या हिशेबाने बघितलं तर श्वार्ट्झ नापास.

पण त्याने काय घेतलं ते बघ. श्वार्ट्झ जर्मनीतल्या हाले नावाच्या गावात शिकलेला, तिथल्या शाळेत मुलांना नुसतं पाठांतर नव्हतं, वस्तू दाखवायच्या, यंत्रं दाखवायची, नमुन्यांचं कपाट असायचं. सरफोजीने राजवाड्यात स्वतःचा तसा संग्रह उभा केला. सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, आज तिथे नुसती मराठी हस्तलिखितंच तीन हजारांच्या वर आहेत. धन्वंतरी महालात डोळ्यांच्या रोग्यांवर उपचार व्हायचे, प्रत्येकाच्या नोंदी ठेवलेल्या आणि सोबत त्या त्या डोळ्याची रंगीत चित्रं. ओरथनाडच्या छत्रात, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेत, शाळा चालवली. १८०५ मध्ये देवनागरी छापखाना काढला आणि तिथून छापलं काय, तर इसापच्या गोष्टी मराठीत, बालबोध मुक्तावली, सुरुवातीच्या छापील मराठी पुस्तकांपैकी एक. ज्याला लहानपणी कोंडून शिकू दिलं नाही त्याने मोठेपणी मुलांसाठी गोष्टींचं पुस्तक छापलं. मला हे वाचताना दर वेळी भरून येतं.

आणि माझी सगळ्यात लाडकी गोष्ट म्हणजे देवेंद्र कुरवंजी, सरफोजीच्या नावावरचं मराठी नाटक. कुरवंजी हा तमिळकडचा प्रकार, त्यात डोंगरातली एक भविष्य सांगणारी बाई येते नि नायिकेचा हात बघते. या नाटकात ती बाई भविष्य सांगता सांगता जगाचा भूगोल सांगते, खंड, देश, सगळं. भूगोल पाद्र्यांच्या शाळेतला, साचा तमिळ आणि भाषा आपली. कुठल्या शिक्षकाने वर्गात बसून ठरवलं असतं की माझा भूगोलाचा धडा एक दिवस कुरवंजीच्या तोंडून बाहेर पडेल? तुझाही कुठून बाहेर पडेल ते आज दिसणार नाही, कदाचित ज्वालामुखीतूनच पडेल.

म्हणून तो प्रोग्रेसचा तक्ता सध्या बाजूला ठेव. या आठवड्यात दोन गोष्टी कर. एक म्हणजे त्याच्या ज्वालामुखीच्या पुस्तकातलं एक प्रकरण स्वतः वाचून जा आणि तुला खरंच न कळलेलं काहीतरी त्याला विचार, उगाच परीक्षा घेतल्यासारखं नको, मुलांना ते लगेच कळतं. दुसरी जरा अवघड आहे. त्याच्या आईशी बोल, वडिलांशी एकदम नको, आधी आईशी, मुलगा समोर नसताना, आणि दार बाहेरून लावण्याबद्दल स्पष्ट बोल. आवाज चढवू नकोस पण शब्दही गिळू नकोस. शिकवणी जाईल ही भीती मला कळते, तुझं घरभाडं त्यावर आहे हेही माहितीये. गेली तर मला लगेच फोन कर, आपण दुसरी बघू, माझ्या ओळखी अजून आहेत. पण गेली तरी त्या मुलाचा विषय तिथे सोडायचा नाही, कोणाशी बोलायचं ते दोघं मिळून ठरवू, चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ नंबरही लिहून ठेव.

गुरुवारी त्यांच्याकडे जातेस ना? शुक्रवारी सकाळी मी घरीच आहे, आई काय म्हणाली ते सांगायला ये.

तुझा,
सर