दारात येणाऱ्या परक्या माणसाचं काय झालं

तुमचा प्रश्न असा आहे: सोशल मीडियाबद्दल भ्रमनिरास झाला आहे का, कधी झाला, आणि समाजावर त्याचा सगळ्यात वाईट परिणाम कोणता वाटतो?

झाला आहे, आणि मला त्याची तारीखही सांगता येते. १ जुलै २०१८. रविवार होता. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजार भरला होता. गुजरातच्या हद्दीजवळचा हा आदिवासी भाग. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्याकडचे पाच जण भिक्षा मागत तिथं आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज आणि व्हिडिओ आधीपासून त्या भागातल्या फोनांवर फिरत होते. पाचांपैकी एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, तेवढं पुरलं. बाजारातली गर्दी त्यांच्या अंगावर धावून गेली. मारत मारत त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि तिथं जीव जाईपर्यंत मारलं. मारतानाचं शूटिंगही लोकांनी केलं आणि तेही व्हिडिओ त्याच वाटेनं पुढं गेले.

त्याच वर्षी मार्चमध्ये केंब्रिज ॲनालिटिकाचं प्रकरण बाहेर आलं होतं. कोट्यवधी लोकांची फेसबुकवरची माहिती निवडणुकीच्या कामासाठी वापरली गेल्याचं वाचून चीड आली होती, पण ती लांबची चीड होती. राईनपाडा माझ्या तालुक्यातलं. माझं लहानपण साक्रीकडंच गेलं. त्या पाच जणांसारखी माणसं आमच्या दारात उभी राहिलेली मी कितीतरी वेळा पाहिली आहेत. म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही मला तिथंच सापडतं. वेळ वाया जातो, पोरं अभ्यास करत नाहीत, माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, हे सगळं खरं आहे. पण सगळ्यात मोठं नुकसान माझ्या मते वेगळंच झालं. अनोळखी माणसाला आपण जो थोडासा भरवसा उधार देत होतो, तो संपला.

भटक्या समाजांचं सगळं जगणंच त्या उधारीवर होतं. डवरी गोसावी यायचे ते भगव्या कपड्यांत, हातात डवर, म्हणजे डमरूसारखं छोटं वाद्य, घेऊन. कधी वासुदेव यायचा, कधी नंदीबैलवाला, कधी कुडमुडे जोशी. बहुरूपी तर पोलिसाच्या वेशात येऊन घरच्यांना दरडावायचा आणि शेवटी हसून हात पुढं करायचा. आई सुपातून बाजरी घेऊन बाहेर यायची. "कुठं उतरले बाबा?" एवढं विचारायची. "नदीकाठी पालं टाकली आहेत, माई," असं काहीतरी उत्तर यायचं. ओळखपत्र कुणी मागत नव्हतं. दारात उभं राहून दोन वाक्यं बोलली की तेवढ्यावर काम व्हायचं.

मी त्या काळाचे गोडवे गात नाही. भटक्यांवरचा संशय व्हॉट्सॲपनं जन्माला घातलेला नाही. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढं कितीतरी जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या विमुक्त झाल्या खऱ्या, पण गावात चोरी झाली की पालांवर पोलीस जायचे ते थांबलं नाही. भटक्या-विमुक्तांसाठी नेमलेल्या रेणके आयोगानं २००८ मध्ये या लोकांच्या हलाखीचा अहवाल सरकारला दिला, त्यानंतरही बऱ्याच जणांकडे घर नाही, जमीन नाही, कागद नाहीत. संशय होताच. त्याला आवरणाऱ्या मात्र दोन-तीन गोष्टी होत्या, त्या या फोननं काढून घेतल्या.

अफवा आधीही होत्या, हे लगेच कुणीतरी म्हणेल. होत्याच. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो ही बातमी एका दिवसात देशभर गेली, तेव्हा हातात मोबाइल नव्हते. आमच्या लहानपणी कुठं मोठा पूल बांधायला घेतला की पायात मूल गाडतात म्हणून मुलं पळवायला माणसं फिरतात, अशी आवई उठायचीच. आम्हाला संध्याकाळी बाहेर सोडायचे नाहीत. पण ती आवई कुणीतरी येऊन तोंडानं सांगायचं. अमक्याची सासू, तमक्याचा मेहुणा. ऐकणाऱ्याला सांगणारा माहीत असायचा, तो किती फेकतो हेही माहीत असायचं. आजोबा "त्याचं काय ऐकता?" म्हणाले की विषय निम्मा संपायचा. शिवाय दाखवायला चित्र नसायचं. चार दिवसांत आवई आपोआप विरून जायची.

२०१८ मध्ये देशभर फिरलेला एक व्हिडिओ तुम्हीही कदाचित पाहिला असेल. गल्लीत पोरं खेळताहेत, मोटारसायकलवर दोघं येतात, एका मुलाला उचलतात आणि निघून जातात. हा व्हिडिओ कराचीतल्या एका संस्थेनं पालकांना सावध करायला बनवलेला होता. मूळ व्हिडिओत तेच दोघं परत येतात, मुलाला खाली ठेवतात आणि कराचीत मुलं हरवतात, लक्ष ठेवा, असा फलक दाखवतात. भारतात पाठवताना हा शेवटचा भाग कापला. कोणी कापला ते कळायला मार्ग नाही. उरलेल्या सेकंदांखाली ज्यानं त्यानं आपल्या गावाचं नाव लिहिलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं: मुलाला परत आणून सोडणारी ती दोन माणसं त्या व्हिडिओत होतीच. कुणीतरी बसून, विचार करून, ती काढून टाकली.

आणि हे पोचलं कुणाकडं? २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि वर्ष-दोन वर्षांत पाड्यापाड्यावर स्मार्टफोन गेला. ज्या गावात वर्तमानपत्र धड पोचत नव्हतं तिथं पहिल्यांदा आलेली हलती बातमी ही होती. तिच्यावर तारीख नव्हती, पाठवणाऱ्याचं मूळ नाव नव्हतं. आणणारा मात्र स्वतःचा चुलतभाऊ होता. फॉरवर्डची खरी ताकद इथं आहे. ज्यानं खोटं रचलं तो गळून जातो आणि तुमच्या हातात मेसेज देतो तो तुमचा विश्वासाचा माणूस. अनोळखी माणसाचं खोटं आपल्याच माणसाच्या भरवशावर खपतं.

त्या उन्हाळ्यात राईनपाडा एकटं नव्हतं. ८ जूनला आसामात कार्बी आंगलाँग जिल्ह्यात फिरायला गेलेल्या दोन तरुणांना असंच मारलं. २८ जूनला त्रिपुरात, अफवांवर विश्वास ठेवू नका असं लाउडस्पीकरवरून सांगत फिरायला सरकारनंच नेमलेल्या माणसाला जमावानं ठार केलं. हे पुन्हा वाचा. समजवायला गेलेला माणूस गेला. राईनपाड्याच्याच दिवशी रात्री मालेगावात दोन वर्षांच्या बाळासह पाच जण जमावाच्या तावडीत सापडले. त्यांना पोलीस आणि तिथल्या काही रहिवाशांनी वाचवलं. वाचवणारे होते, हेही नोंदवायला हवं.

राईनपाड्यानंतर दहा दिवसांच्या आत व्हॉट्सॲपनं पुढं ढकललेल्या मेसेजवर 'फॉरवर्डेड' अशी खूण दाखवायला सुरुवात केली. जुलै संपायच्या आत भारतात एका वेळी पाचच जणांना किंवा ग्रुपना फॉरवर्ड करता येईल असं जाहीर केलं. त्याआधी एका वेळी दोनशेहून जास्त ठिकाणी पाठवता येत होतं. जानेवारी २०१९ मध्ये पाचची मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, फार वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जाईल असं केलं, आणि तसे मेसेज ७० टक्क्यांनी घटले असं कंपनीनंच सांगितलं. माझा भ्रमनिरास पक्का झाला तो हे वाचून. म्हणजे आवर घालणं शक्य होतं. इतकी साधी गोष्ट होती की काही आठवड्यांत करता आली. ती आधी का केली नाही, या प्रश्नाचं उत्तर राईनपाड्यात मारल्या गेलेल्यांच्या त्या पाच घरांना कुणीही दिलेलं नाही.

फेसबुकचं दुखणं वेगळं. तिथं काय वर दिसावं हे कंपनी ठरवते. २०१७ पासून काही काळ साध्या लाइकपेक्षा रागाच्या चेहऱ्याला पाचपट वजन होतं, हे २०२१ मध्ये बाहेर आलेल्या अंतर्गत कागदांतून कळलं. व्हॉट्सॲपवर असं वजन लावणारं कुणी नाही. तिथं ते काम आपणच करतो, म्हणून मला त्याची जास्त काळजी वाटते.

राईनपाड्यानंतर शहरात बसून पुष्कळ लोक म्हणाले, "आदिवासी भाग, अडाणी लोक." मला हे अजिबात पटत नाही. त्याच महिन्यात कर्नाटकात बीदर जिल्ह्यात मुलांना चॉकलेटं वाटल्यावरून हैदराबादच्या एका सॉफ्टवेअर इंजिनियरचा जीव गेला. तो आणि त्याचे मित्र गाडीत बसून निघाले, तर त्यांचे व्हिडिओ त्यांच्या आधी पुढच्या गावात पोचले होते. आणि सुशिक्षितांचं म्हणाल तर आमच्या धुळ्यातल्या कॉलनीचंच सांगतो.

मध्यंतरी दुपारच्या वेळी कॉलनीच्या ग्रुपवर एक फोटो आला. पाठमोरी बाई, डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, खांद्यावर जुन्या कपड्यांचं बोचकं. खाली लिहिलेलं, "ही बाई सकाळपासून गल्लीत फिरतेय. मुलांना घरात घ्या." लगेच उत्तरं सुरू झाली. "हीच काल पलीकडच्या कॉलनीत होती." "बरोबर दोघं आहेत, रिक्षात बसलेत." "गेट लावून घ्या, आधी पकडा मग पोलिसांना फोन करा." लिहिणाऱ्यांत एक बँकेतले साहेब होते, एक कॉलेजात शिकवणाऱ्या मॅडम होत्या. मी खाली गेलो. बोहारीण होती. कोपऱ्यावरच्या बंगल्याच्या सावलीत बसून एका वहिनींशी तिची घासाघीस चालली होती. दोन शर्ट आणि एका साडीवर पातेलं मागत होत्या वहिनी, आणि ती डब्याच्या वर जायला तयार नव्हती. साडीचा काठ उजेडात धरून फाटलाय का ते बघत होती.

"मावशी, कुठल्या तुम्ही?"

"इथलीच ना भाऊ, मोगलाईत राहते. या वहिनींच्या सासूबाई होत्या तेव्हापासून येते."

वहिनींनी मान हलवली. रिक्षात कुणी नव्हतं, मुळात रिक्षाच नव्हती. मी ग्रुपवर तसं लिहिलं. फोटो टाकणाऱ्यांनी फोटो काढून टाकला, पण तोवर तो दुसऱ्या कॉलन्यांत गेला होता. मावशी त्यानंतर आमच्याकडं यायच्या बंद झाल्या. वहिनी मध्ये म्हणाल्या की बाजारात भेटल्या होत्या, "गेटवर फार विचारतात, नको वाटतं," असं सांगत होत्या. पन्नास पावलं चालून विचारता आलं असतं, ते न करता फोटो काढून चारशे लोकांना दाखवला गेला. आमच्या कॉलनीत आणि राईनपाड्यात फरक असलाच तर आमच्याकडं त्या दिवशी बाजार भरलेला नव्हता, एवढाच आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरं होत नाही. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथं दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर जमावाच्या हातून मारले गेले. लॉकडाऊन होता, ते कांदिवलीहून सुरतेला एका अंत्यविधीसाठी आतल्या रस्त्यानं निघाले होते, आणि त्या भागात चोर आणि मुलं पळवणारे फिरताहेत अशी अफवा होती. राईनपाड्यातलंच सगळं पुन्हा. यावेळी मात्र हत्येनंतर नवी अफवा सुरू झाली, मारणारे कोणत्या धर्माचे होते याची. शेवटी गृहमंत्री अनिल देशमुखांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून त्यात एकही मुसलमान नाही हे सांगावं लागलं. एक खोटं तीन माणसांना मारून गेलं आणि त्यांच्या मरणावर दुसरं खोटं पोसलं गेलं. राईनपाड्यातल्या पाच जणांवर असं काही पोसता येत नव्हतं, म्हणून त्यांना महाराष्ट्र महिनाभरात विसरला.

याच फोननं चांगलंही केलं, ते मी नाकारणार नाही. २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या महापुरात कुठल्या गल्लीत म्हातारं माणूस अडकलंय, बोट कुठं पाठवायची, हे निरोप व्हॉट्सॲपवरूनच गेले. पण तो निरोप नीट बघा. त्यात पत्ता असतो, नाव असतं, फोन नंबर असतो, आणि पाठवणारा त्याला जबाबदार असतो. मुलं पळवणाऱ्या टोळीच्या मेसेजमध्ये यातलं काहीच नसतं. आमच्या ग्रुपवर असा मेसेज आला की मी तीन गोष्टी विचारतो: कुठली गल्ली, कोणता दिवस, तुम्ही स्वतः पाहिलं का. लोक चिडतात. "काळजीपोटी टाकलं," म्हणतात. त्यांची काळजी खरी असते, म्हणून मी भांडत नाही, पण विचारणं सोडत नाही.

सोशल मीडिया सोडला का, असं तुम्ही पुढं विचाराल. फेसबुक सोडलं. व्हॉट्सॲपवरचे नातेवाइकांचे दोन ग्रुपही सोडले. कॉलनीचा ग्रुप मात्र सोडलेला नाही, जीव कितीही विटला तरी. उद्या त्यावर पुन्हा कुणाचा पाठमोरा फोटो आला तर खाली जाऊन "कुठल्या तुम्ही?" असं विचारायला कुणीतरी लागेल.