इंटरव्ह्यूनंतरचा मेल आणि वाक्यातला 'च'

डिसेंबर उजाडला की माझ्याकडे येणाऱ्या तरुण डॉक्टरांचा एक प्रश्न ठरलेला असतो. अमेरिकेतल्या रेसिडेन्सीचे, म्हणजे हॉस्पिटलमधल्या पदव्युत्तर प्रशिक्षणाचे, इंटरव्ह्यू झालेले असतात, निकाल मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, आणि मधल्या काळात झोप उडवणारी शंका एकच : "नंतर मेल पाठवले नाहीत, तर रँकिंगमध्ये खाली जाऊ का?" सीनियर म्हणतो प्रत्येकाला पाठव. टेलिग्रामवरचा ग्रुप म्हणतो 'लेटर ऑफ इंटेंट', म्हणजे 'माझी पहिली पसंती तुम्हीच' असं पत्र, नसेल तर विसरा.

अशीच एक मुलगी. ओळख पुसून सांगते. इंटर्नल मेडिसिन, आठ इंटरव्ह्यू, सगळे घरातूनच व्हिडिओवर. पहिल्याच भेटीत तिने लॅपटॉप उघडून तक्ता दाखवला : प्रोग्राम, इंटरव्ह्यू घेणाऱ्यांची नावं, मेल कधी पाठवला, उत्तर आलं का. शेवटच्या रकान्यात सहा घरं रिकामी.

"मॅडम, दोघांचंच उत्तर आलं. बाकीच्या सहांनी मला काढलं ना?"

"त्या सहांनी इंटरव्ह्यूच्या दिवशी मेलबद्दल काही सांगितलं होतं?"

तिने जुने मेल चाळले. दोन ठिकाणी स्वच्छ लिहिलेलं होतं : इंटरव्ह्यूनंतर आम्ही उमेदवारांशी पत्रव्यवहार करत नाही, त्याचा रँकिंगशी संबंध नाही. तिने हे वाचलं होतं आणि तरीही मेल पाठवले होते. उत्तर न येणं हा तिथला नियम होता, तिने त्याला नकार मानलं.

निवडीवर मेलचा परिणाम होतो का? थोडा, क्वचित, आणि तोही बहुधा काठावरच्या उमेदवाराला. उमेदवार आणि प्रोग्राम दोघांच्या पसंतीच्या याद्या जुळवून जागा ठरवतात, त्याला 'मॅच' म्हणतात. ती चालवणारी संस्था, एनआरएमपी, प्रोग्राम डायरेक्टरांचं सर्वेक्षण करते. रँक ठरवताना कशाला महत्त्व देता, यावर त्यांची उत्तरं वर्षानुवर्षं त्याच दिशेची असतात : इंटरव्ह्यूत प्राध्यापकांशी झालेलं बोलणं, माणसांशी वागण्याची रीत, तिथल्या रेसिडेंटांचं मत. नंतरचा पत्रव्यवहार फार मागे येतो. बऱ्याच ठिकाणी गुणांचा फॉर्म इंटरव्ह्यूनंतर लगेच भरला जातो, तुमचा मेल त्यानंतर पोचतो. चांगल्या मेलने फार काही मिळत नाही, वाईट मेल मात्र लक्षात राहतो.

तरी पाठवायचा असेल, आणि प्रोग्रामने नको म्हटलं नसेल, तर चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत, चार-पाच वाक्यांत. विषयाच्या ओळीत पूर्ण नाव आणि एएएमसी आयडी, म्हणजे अर्जावरचा तुमचा ओळख क्रमांक. मजकुरात त्या माणसाशी खरोखर झालेल्या बोलण्यातली एक गोष्ट. पत्ता दिलेला नसेल तर प्रोग्राम कोऑर्डिनेटरला पाठवून पुढे द्यायची विनंती करावी. इंटरव्ह्यू घेणाऱ्याचा खासगी पत्ता शोधत बसू नये.

चुका ठरलेल्या आहेत. कॉपी-पेस्टमध्ये दुसऱ्याच हॉस्पिटलचं नाव राहतं. एकाच प्रोग्राममधल्या तिघांना शब्दशः तोच मजकूर जातो आणि ते तिघे तो एकमेकांना दाखवतात. आडनावाचं स्पेलिंग चुकतं. आणि शेवटी 'आपल्या सकारात्मक उत्तराच्या प्रतीक्षेत' असं इंग्रजीत! ही आपली सरकारी अर्जाची सवय, आभार मानताना उत्तर मागायचं नसतं.

ज्या मेलला खरंच वजन असतं, तो नवी माहिती देणारा. ईसीएफएमजीचं (परदेशी पदवीधर डॉक्टरांची पात्रता तपासणाऱ्या संस्थेचं) सर्टिफिकेट आलं, स्टेप ३ ही अमेरिकन लायसन्स परीक्षेची शेवटची पायरी पास झाली, शोधनिबंध स्वीकारला गेला. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर घेणाऱ्या प्रोग्रामसाठी स्टेप ३ ही औपचारिकता नसते, ती पास नसेल तर तो व्हिसाच होत नाही. अशी बातमी प्रोग्रामची रँकिंगची बैठक होण्याआधी पोचली पाहिजे.

तिसऱ्या भेटीत तिने तीन पत्रांचे मसुदे आणले. तिन्हींत लिहिलेलं : तुमचा प्रोग्राम माझ्या यादीत पहिला आहे.

"तिन्ही पहिले?"

ती हसली, आणि मग रडायला लागली. "बाबांनी कर्ज काढलंय मॅडम. मला या वर्षी सीट हवीच आहे."

"हे परत म्हण."

"मला या वर्षी सीट हवीच आहे."

"आता 'च' काढून म्हण."

ती बराच वेळ गप्प होती. हातातला पेन उघडत होती, मिटत होती. मग हळू आवाजात : "मला या वर्षी सीट हवी आहे."

"नाही मिळाली तर?"

"वाईट वाटेल. खूप." थोडं थांबून, "आणि सप्टेंबरमध्ये परत अर्ज भरीन."

हा 'च' पकडायला मला एकेकाळी पाच-सहा भेटी लागायच्या, आता कान लगेच टवकारतात. इच्छा माणसाला कामाला लावते, हट्ट त्याला खोटं लिहायला लावतो. ती तीन पत्रं प्रोग्रामसाठी नव्हतीच, ती त्या 'च'ची समजूत काढायला लिहिलेली होती. दोन तिने तिथेच डिलीट केली. तिसरं राहिलं, कारण ते खरं होतं. 'तुम्ही पहिले' असं एकालाच लिहावं, बाकीच्यांना 'मला तुमचा प्रोग्राम आवडला' एवढं पुरतं.

मग रँक लिस्टकडे वळलो. तिथे तिने उत्तर देणारे दोन प्रोग्राम सगळ्यात वर टाकले होते. आवडता तिसराच होता.

मॅचचं गणित इथे उमेदवाराच्या बाजूचं आहे. १९९८च्या मॅचपासून संगणक उमेदवाराच्या यादीपासून सुरुवात करतो : आधी पहिली पसंती, तिथे जागा नसेल तर दुसरी. वर ठेवलेलं हुकलं म्हणून खालचं हातचं जात नाही. ही पद्धत बसवणाऱ्या ॲल्विन रॉथ यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. म्हणून यादी फक्त आवडीच्या क्रमाने लावायची. 'आम्ही तुला वर ठेवलंय' असा प्रोग्रामचा मेल आला तरी क्रम हलवायचा नाही, तो शब्द बंधनकारक नसतो. 'आम्हाला कितव्या क्रमांकावर ठेवणार', हे प्रोग्रामने उमेदवाराला विचारणंच नियमाबाहेरचं आहे. आपणहून सांगायची मुभा उमेदवाराला आहे.

आणखी एक. यादी नुसती भरून चालत नाही, 'सर्टिफाय' करावी लागते, बदल केला तर पुन्हा. शेवटची वेळ पूर्व किनाऱ्याची रात्री नऊ, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसात.

तिने दोन दिवस आधीच सर्टिफाय केलं. त्या सकाळी पावणेआठला तिच्या आईचा फोन आला. "मॅडम, ती अजून झोपलीय. उठवू का?"